किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारानंतर घरातल्या कुत्र्या-मांजरांची काळजी: पहिल्या दिवसापासून पुढे

थायरॉइड अतिक्रियाशील झाल्यावर, किंवा थायरॉइडच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर, किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला जातो तेव्हा रुग्णाच्या हाती एक सूचनापत्र देतात. लहान मुलांपासून किती दिवस लांब राहायचे, गरोदर सुनेने किंवा मुलीने काय जपायचे, हे त्यात नीट लिहिलेले असते. घरातल्या कुत्र्या-मांजरांचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीत उरकलेला असतो, किंवा नसतोच. त्यामुळे काही घरांत भीतीपोटी प्राण्याला अंगणात बांधून टाकले जाते, तर काही घरांत तो पहिल्या रात्रीपासून रुग्णाच्या पांघरुणात झोपलेला असतो. हे दोन्ही टाळता येते. नाशिकमधल्या घरांत, म्हणजे इंदिरानगरच्या वन बीएचके फ्लॅटपासून मखमलाबादच्या मळ्यातल्या वस्तीपर्यंत, हे कसे पार पाडावे ते पुढे क्रमाने दिले आहे. तुमच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागाने, म्हणजे हा डोस देणाऱ्या विभागाने, दिलेल्या सूचना यापेक्षा कडक असतील, तर त्याच पाळाव्यात.

आधी हे समजून घ्यावे

या उपचारात वापरतात ते आयोडीन-131. त्याचे अर्धायुष्य सुमारे 8 दिवसांचे आहे, म्हणजे शरीराबाहेर काहीही गेले नाही असे धरले तरी 8 दिवसांनी निम्मे, 16 दिवसांनी पाव आणि 80 दिवसांनी हजारातला जेमतेम एक भाग उरतो. त्यातून निघणारे बीटा कण ऊतींमध्ये फार तर दोन मिलिमीटर जातात आणि थायरॉइडच्या पेशींवर उपचाराचे काम तेच करतात. गॅमा किरण मात्र शरीरातून बाहेर पडतात, म्हणून रुग्णाने काही दिवस इतरांपासून अंतर राखायचे असते.

प्राण्यापर्यंत हे दोन वाटांनी पोहोचते. पहिली वाट बाहेरून येणाऱ्या किरणांची. रुग्णाजवळ बसलेले मांजर तेवढ्या वेळापुरते किरण झेलते, पण त्यामुळे ते स्वतः किरणोत्सारी होत नाही आणि उठून गेले की तो संपर्कही थांबतो. दुसरी वाट पोटातून जाते. रुग्णाच्या लघवीत, लाळेत, घामात आणि काही प्रमाणात विष्ठेत हे आयोडीन उतरते. प्राण्याने ते चाटले, गिळले, तर ते त्याच्या रक्तातून थेट त्याच्या थायरॉइडमध्ये जाऊन साठते, कारण कुत्र्या-मांजरांची थायरॉइड ग्रंथीही आपल्यासारखीच आयोडीन ओढून घेते. म्हातारपणी थायरॉइड वाढलेल्या मांजरांना परदेशात हाच उपचार देतात आणि त्यासाठी साधारण 2 ते 5 मिलिक्युरी (मिलिक्युरी हे किरणोत्साराचे माप) इतका डोस लागतो. घरातल्या एखाद्या चुकार चाटण्यातून जाणारे प्रमाण त्याच्या अगदी क्षुल्लक अंशाएवढे असते, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ते टाळणे सोपे असताना होऊ देण्याचेही कारण नाही. शिवाय लाळ किंवा लघवी लागलेले पंजे घेऊन मांजर घरभर फिरते आणि त्याच मांजराला नातवंडे कवटाळतात, हा भाग मला प्राण्याच्या स्वतःच्या धोक्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

म्हणूनच प्राण्याला घराबाहेर काढण्यापेक्षा त्याच्या तोंडापर्यंत जाणाऱ्या वाटा एकेक करून बंद करण्यावर भर द्यावा. खालचा बराचसा मजकूर त्याच वाटांविषयी आहे.

तुमचा रुग्ण कोणत्या प्रकारचा आहे

अतिक्रियाशील थायरॉइडच्या रुग्णाला डोस तुलनेने लहान असतो, बहुधा 10 ते 15 मिलिक्युरीच्या आसपास, आणि तो घेऊन रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. पण त्याची ग्रंथी शाबूत असल्यामुळे दिलेल्या आयोडीनचा मोठा भाग मानेत जाऊन बसतो आणि हळूहळू कमी होतो. म्हणजे या रुग्णाच्या बाबतीत गळ्याजवळचा सहवास अधिक दिवस टाळावा लागतो.

कर्करोगाच्या रुग्णाचा डोस कैकदा 30 ते 100 मिलिक्युरी किंवा त्याहून जास्त असतो, पण त्याची ग्रंथी शस्त्रक्रियेत काढलेली असते. आयोडीन साठायला जागाच फारशी नसल्याने त्यातले बहुतेक पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे निघून जाते. मोठ्या डोसाच्या रुग्णाला म्हणूनच स्वतंत्र शौचालय असलेल्या विलगीकरण कक्षात ठेवतात आणि शरीराबाहेर येणारे किरण मोजून, ते ठरलेल्या मर्यादेखाली आल्यावरच घरी सोडतात. आपल्या देशात हे नियम अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवते. असा रुग्ण घरी येतो तेव्हा मानेपेक्षा न्हाणीघर आणि शौचालय यांकडे जास्त लक्ष द्यावे लागते. डोसाचा आकडा मोठा ऐकून घरचे लोक कर्करोगाच्या रुग्णालाच जास्त काळ दूर ठेवतात आणि लहान डोसाच्या रुग्णाला लगेच मोकळे सोडतात. प्रत्यक्षात घरी आल्यानंतरच्या दिवसांपुरते पुष्कळदा याच्या उलट वागावे लागते.

डोसच्या आधीचा आठवडा

विभागात जाल तेव्हा चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत: डोस किती आहे, लहान मुलापासून किती दिवस लांब राहायचे आहे, स्वतंत्र शौचालय किती दिवस वापरायचे आहे, आणि घरी अमुक प्राणी आहे तर आणखी काही सूचना आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तुमच्या प्राण्याचेही वेळापत्रक. लहान मुलासाठी जितके दिवस सांगितले असतील, तितकेच दिवस मांडीवर घेणे, कुशीत झोपवणे, तोंडाला तोंड लावणे हे प्राण्याच्या बाबतीतही बंद ठेवावे. अतिक्रियाशील थायरॉइडच्या रुग्णांना हा काळ पुष्कळदा दोन ते तीन आठवड्यांचा सांगितला जातो.

मग प्राण्याची व्यवस्था ठरवावी. घरात दुसरी खोली आणि दुसरी व्यक्ती असेल तर प्राणी घरीच राहू शकतो. एकच खोली असेल, मांजर दार बंद ठेवू देत नसेल, किंवा रुग्ण एकटा राहत असेल, तर पहिला आठवडा तरी त्याला बहिणीकडे, शेजाऱ्यांकडे किंवा बोर्डिंगमध्ये ठेवावे. बोर्डिंगवाले लसीकरणाचे कार्ड मागतात आणि दिवाळीत किंवा मे महिन्यात जागा लवकर भरते, म्हणून उपचाराची तारीख मिळाली की लगेच विचारून घ्यावे. गाभण किंवा अंगावर पाजणारी कुत्री अथवा मांजर, आणि अगदी लहान पिल्ले यांना शक्य तर दुसरीकडेच हलवावे. वाढत्या पिल्लांच्या ऊती किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि पोटातल्या पिल्लांची थायरॉइडही आईच्या रक्तातले आयोडीन घेते.

प्राणी घरीच राहणार असेल तर त्याची सवय बदलायला आठवडाभर आधीच सुरुवात करावी. रोज आईच्या पायाशी झोपणाऱ्या कुत्र्याला एका रात्रीत दाराबाहेर ठेवले, तर तो रात्रभर दार ओरबाडतो, आणि मग कोणीतरी दया येऊन दार उघडतेच. त्याचे अंथरूण, पाण्याचे भांडे आणि खेळणी आधीच दुसऱ्या खोलीत हलवावीत, खायला घालण्याचे आणि फिरवण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे आणि लिटर ट्रे, म्हणजे मांजराच्या शौचाची ट्रे, रुग्णाच्या न्हाणीघरात असेल तर ती तिथून काढावी.

घरी येण्याचा प्रवास

मुंबईहून कसाऱ्याच्या घाटाने येणार असाल तर गाडीत तीन-चार तास जातात. चालक एकच असावा, आणि रुग्णाने मागच्या सीटवर, चालकाच्या तिरप्या कोपऱ्यात बसावे. कुत्र्याला घ्यायला नेण्याचा मोह टाळावा. इतका वेळ बंद गाडीत शेजारी बसणे हा त्या साऱ्या काळातला सर्वांत जवळचा सहवास ठरेल. रुग्णाला भरपूर पाणी प्यायला सांगितलेले असते, त्यामुळे वाटेत थांबावे लागतेच. तेव्हा फ्लश असलेले शौचालय गाठावे, रस्त्याकडेला आडोसा पाहू नये.

डोस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत उलटी झाली, तर त्या उलटीत आयोडीनचे प्रमाण मोठे असू शकते. कुत्री उलटी चाटतात, हे कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून उलटी झाली की आधी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत कोंडावे, मग विभागाला फोन करून ते सांगतील तसे, रबरी हातमोजे घालून कागदी रुमालांनी ती टिपून जाड पिशवीत बांधून ठेवावी.

तोंडाची वाट: उष्टे, थुंकी आणि चोथा

आपल्या घरांत सर्वांत मोठी गळती इथेच होते. पानात उरलेली अर्धी पोळी कुत्र्याला, दुधाचा शेवटचा घोट मांजराला, मटणाची चघळलेली हाडे मागच्या दारी. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की देणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पहिले दोन आठवडे रुग्णाच्या ताटातले काहीही कोणत्याही प्राण्याला घालू नये. यात रस्त्यावरची कुत्री आणि दारात येणारी गायही आली. दुभत्या जनावराने आयोडीन खाल्ले की त्याचा काही भाग दुधात उतरतो, म्हणून मळ्यात राहणाऱ्यांनी रुग्णाचे उष्टे गोठ्यात जाणार नाही याकडे आवर्जून लक्ष द्यावे.

चोखून टाकायच्या वस्तूंचा वेगळा विचार करावा लागतो. लाळग्रंथींसाठी डॉक्टर काही रुग्णांना लिंबाच्या किंवा आंबट गोळ्या चोखायला सांगतात. त्यांचे कागद, अर्धवट चोखलेल्या गोळ्या, आंब्याची कोय, उसाचा चोथा, द्राक्षाची थुंकलेली साल हे सगळे लाळेने भरलेले असते आणि कुत्र्याला नेमके तेच हवे असते. खोलीत झाकणाचा, पायाने उघडणारा डबा ठेवावा आणि हे सगळे त्यातच टाकावे.

सकाळची चूळ अंगणात किंवा तुळशीपाशी भरण्याची पद्धत या काळात बंद ठेवावी. दात घासणे, चूळ भरणे बेसिनपाशीच करावे आणि नंतर नळ काही वेळ सोडून ठेवावा. पान-तंबाखू खाणाऱ्याने जिन्याच्या कोपऱ्यात किंवा ओट्यावरून थुंकणे तर अजिबात चालणार नाही. उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याला झाकण हवे, कारण मांजर त्यात तोंड घालते आणि त्यातले पाणी रुग्णाच्या ओठांना लागलेले असते. आमच्या सासूबाईंचा हा उपचार झाला तेव्हा त्यांच्या मनीने झाकण असलेली बाटली दोन दिवसांत पंजाने आडवी पाडून पाहिली, मग स्क्रूच्या झाकणाची बाटली आणावी लागली.

लव्हबर्ड्ससारखे पक्षी ओठातून दाणा घेतात. ते थांबवावे आणि पिंजरा दुसऱ्या खोलीत ठेवावा. माशांच्या टाकीला काही करावे लागत नाही, फक्त त्यात हात घालण्याचे काम दुसऱ्याने करावे.

न्हाणीघर आणि शौचालय

रुग्णाला शक्य तर स्वतंत्र शौचालय द्यावे आणि त्याचे दार कायम बंद ठेवावे. कमोडचे पाणी पिणारी कुत्री असतात, म्हणून झाकण पाडून दोनदा फ्लश करावे. पुरुषांनीही बसूनच लघवी करावी, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत.

आपल्याकडच्या भारतीय पद्धतीच्या शौचालयात आणि मोरीत मुख्य अडचण ओल्या फरशीची असते. रुग्णाच्या आंघोळीनंतर किंवा शौचानंतर फरशी ओली राहते, मांजर त्यावरून चालत जाते आणि नंतर कोपऱ्यात बसून पंजे चाटते. प्रत्येक वेळी पाणी भरपूर ओतून, वायपरने निचरून, फरशी कोरडी होईपर्यंत दार लावून घ्यावे. बादलीवर झाकण ठेवावे. शौचालयातली चप्पल तिथेच, उंचावर ठेवावी, कारण चप्पल चावणे हा पिल्लांचा आवडता उद्योग असतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत जिथे सामाईक शौचालय आहे आणि मांजरेही सगळ्यांची मिळून आहेत, तिथे शेजाऱ्यांना विश्वासात घेऊन हे दार बंद ठेवण्याविषयी सांगावे. लपवाछपवीने काम अवघड होते.

मळ्यात राहणाऱ्या पुरुषांना बांधावर किंवा गोठ्यामागे लघवीला जाण्याची सवय असते. राखणीची कुत्री ती जागा हुंगतात आणि चाटतात. सांगितलेले सगळे दिवस शौचालयच वापरावे. सेप्टिक टँक असेल तरी चालते, आयोडीन तिथल्या तिथे क्षय पावते.

अंथरूण आणि धुण्याचे कपडे

मांजराला माणसाच्या वासाचे, नुकतेच उतरवलेले कपडे फार आवडतात. पहिल्या आठवड्यात रुग्णाचे कपडे, टॉवेल, उशीचे अभ्रे खाली ढिगात पडू देऊ नयेत. झाकणाच्या बादलीत ठेवावेत, घरच्या धुण्यापासून वेगळे धुवावेत आणि दोनदा खळबळून काढावेत. हाताने धुणार असाल तर रबरी हातमोजे घालावेत. गादीवर चादरीखाली प्लॅस्टिकचे आच्छादन घालून ठेवले, तर घामाचा डाग गादीत मुरत नाही. उन्हाळ्यात घाम जास्त येतो, तेव्हा उशीचा अभ्रा रोज बदलावा. रुग्णाची जुनी शाल किंवा चादर प्राण्याच्या अंथरुणासाठी या काळात देऊ नये.

घामट हात आणि मान चाटणे हा मांजराचा आणि कुत्र्याचाही छंद असतो. खोलीबाहेर येण्याआधी रुग्णाने साबणाने हात धुवावेत. कुत्र्याचा पट्टा, त्याचा ब्रश, त्याची वाटी यांना हात लावण्याआधी तर नक्कीच धुवावेत, कारण पट्टा कुत्र्याच्या तोंडात जातोच.

अंतर किती, वेळ किती

अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता पावपट होते. अतिक्रियाशील थायरॉइडच्या रुग्णात स्रोत मानेत एकवटलेला असतो, त्यामुळे हा हिशेब बराचसा लागू पडतो: मानेपासून एक मीटरवर बसलेल्या मांजराच्या तुलनेत मानेपासून दहा सेंटिमीटरवर झोपलेल्या मांजराला सुमारे शंभरपट किरण मिळतात. त्यात ते मांजर रात्रभर तिथेच झोपले, तर वेळही अनेक पटींनी वाढतो. उशीवरची झोप म्हणजे जवळचे अंतर आणि लांबलेला वेळ हे दोन्ही एकत्र, म्हणून झोपेच्या खोलीचे दार बंद ठेवण्यात तडजोड करू नये.

याउलट दिवसातून दोन-चार वेळा, दोन मिनिटे, हात लांब करून पाठीवरून हात फिरवायला हरकत नाही. प्राणी रुग्णाला शोधत राहतो, रुग्णालाही त्याची ओढ असते, आणि उपचारानंतरच्या थकव्यात ती सोबत मोलाची असते. दोघे एकाच दिवाणखान्यात दोन मीटरवर बसले तर ते योग्यच आहे. चालायची ताकद असेल तर रुग्णाने लांब पट्टा धरून कुत्र्याला मोकळ्या मैदानात थोडे फिरवूनही आणावे. पट्ट्याच्या लांबीइतके अंतर आपोआप राहते. मात्र तो अंगावर उड्या मारणारा आणि तोंड चाटणारा असेल, तर हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

एकट्या राहणाऱ्या रुग्णाने हातमोजे घालून खायला घालावे, वाटी भरून मागे सरावे आणि लिटर ट्रे साफ करताना तोंडाजवळ हात नेऊ नये. मांजराची विष्ठा या काळात वेगळी साठवण्याची गरज नाही, उपचार माणसाचा झाला आहे.

काही चुकून झालेच तर

कुत्र्याने रुग्णाचा वापरलेला कागदी रुमाल खाल्ला, किंवा मांजराने त्याच्या कपातला चहा चाटला, तर त्याचे तोंड आणि पंजे ओल्या फडक्याने पुसावेत, हात धुवावेत आणि विभागाला कळवावे. एकदा घडलेल्या अशा गोष्टीसाठी बहुधा काहीच करावे लागत नाही. स्वतःच्या मनाने आयोडीनची गोळी, थेंब किंवा औषध प्राण्याला कदापि देऊ नये. थायरॉइड वाचवण्यासाठी अशा गोळ्या असतात हे कुठेतरी वाचलेले असते, पण चुकीच्या मात्रेतले आयोडीन लहान प्राण्याला खरोखर अपाय करते. मीठ पाजून उलटी करवणे हा उपाय तर त्याहून घातक आहे. रुमाल मोठा असेल आणि कुत्रा खाणेपिणे सोडून देत असेल, तर पशुवैद्याकडे न्यावे, आणि तेही आतड्यात अडकल्याच्या शंकेसाठी. तिथे घरातल्या उपचाराची माहिती मात्र द्यावी.

कचरा आणि साठवलेल्या वस्तू

पहिल्या आठवड्यातले रुमाल, सॅनिटरी पॅड, दात घासण्याचा ब्रश, डिस्पोजेबल ताटल्या घंटागाडीत लगेच टाकू नयेत. गाडी येण्याआधी दाराबाहेर ठेवलेली पिशवी रस्त्यावरची कुत्री फाडतात, आणि पॅड तर ती हमखास ओढून नेतात. हा कचरा दुहेरी पिशवीत बांधून, झाकणाच्या बादलीत, गच्चीवर किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात, प्राणी आणि मुले पोहोचणार नाहीत असा ठेवावा. बादलीवर पक्क्या शाईने तारीख लिहावी. विभागाने वेगळी मुदत दिली नसेल तर 80 दिवस, म्हणजे दहा अर्धायुष्ये, पूर्ण झाल्यावर ती पिशवी नेहमीच्या सुक्या कचऱ्यात द्यावी. त्या तारखेची आठवण मोबाईलमध्ये लावून ठेवावी, कारण अडीच महिन्यांनी ती बादली कशाची होती हे घरात कुणालाच आठवत नाही.